विशेष अगत्य

मागच्या महिन्यात या सदरात मी सातवीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलींविषयी लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले. त्यातला एक मात्र वेगळाच होता. बाई मराठीत बोलत होत्या, आणि मध्येच घाईत कन्नडवर जात होत्या, जसं आपल्याकडं बऱ्याच घरांत होतं. म्हणाल्या, "मॅडम, माझी मुलगी तिसरीत आहे. तिला दिसायला कमी आहे. शाळेत म्हणतात, असल्या मुलांचा फंड आमच्याकडं येत नाही, दुसरीकडं बघा. फंड म्हंजे काय हो नेमकं? कुठनं येतोय? कुणाकडं येतोय?"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. 'सार्वजनिक खर्च' हे प्रकरण मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की मला ते झोपेतही येईल. पण या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या प्रकरणात नाही. ते मला आमच्या घरातच कळलं, आणि तेही उशिरा. 'पुढच्या लेखात सांगते' म्हणून मी फोन ठेवला. आधी जावेची परवानगी घेतली. ती म्हणाली, "ल्ह्या की. पण माझं नाव घालू नका." म्हणून इथं कुणाचंच नाव नाही.

आमचं गाव बेळगावपासून तासाभरावर. धाकटे दीर तिथं राहून शेती बघतात. जाऊ गोकाककडची, माहेर पूर्ण कन्नड. सासूबाई ताक मागतात, जाऊ 'मज्जिगी' घेऊन येते, आणि तांब्यात दोन्ही एकच असतं. अशा घरात २०१२ साली माझा पुतण्या जन्मला. गोरागोमटा, हसरा. पण तीन वर्षांचा झाला तरी 'अव्वा' आणि 'बा' याच्यापुढं गाडी सरकेना. घरात निदान झालं, आणि ते सगळ्यांना पटलंही. दोन भाषांच्या ओढाताणीत पोराची जीभ अडकलीय. उपायही घरातच ठरला. आईनं त्याच्याशी कन्नड बोलायचं बंद करायचं.

त्या बैठकीला मी होते. एम.ए. झालेली, वर्गात साठ मुलांना शिकवणारी बाई. मी पण मान डोलावली.

त्यानंतर वर्षभर, किंवा जास्तच, जाऊ आपल्याच मुलाशी मोडक्या मराठीत बोलत राहिली. रात्री जोगुळ म्हणायची ते थांबलं. जोगुळ म्हणजे अंगाई, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मराठी अंगाई तिला येत नव्हती, म्हणून ती नुसतं थोपटायची. आणि पोरगं काही बोललं नाही ते नाहीच.

इथं थोडं थांबून एक सांगते, कारण हा समज आपल्या घराघरांत आहे. दोन भाषा ऐकत वाढणारं मूल त्यामुळं मुकं होत नाही. ते दोन भाषांतले शब्द एकमेकांत घालील, 'अज्जी मला नीर दे' म्हणेल. पण बोलायचंच थांबत असेल तर कारण दुसरीकडं असतं, आणि पहिल्यांदा बघायचा तो कान. आम्ही आईची भाषा बंद केली. कान बघितला नाही.

जून २०१८ मध्ये तो गावच्या सरकारी मराठी शाळेत पहिलीला गेला. पाच वर्ग, दोन गुरुजी. बोलणं अस्पष्ट, सांगितलेलं करत नाही, म्हणून 'जरा मंद आहे' असं ठरलं. वर्षभरानं नव्या बाई बदलून आल्या. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. त्या फळ्याकडं तोंड करून बोलल्या की हा नुसता बसून राहतो. तोंड त्याच्याकडं असलं की थोडंफार करतो. तो ऐकत नव्हता, ओठ बघत होता. त्यांनी दिरांना बोलावून सांगितलं. बेळगावात कान तपासले, तर दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या पुढची हानी. म्हणजे शेजारी बसून आपण नेहमीच्या आवाजात बोलतो ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आमच्या घरात सगळेच शेतावरून हाक मारल्यासारखे मोठ्यानं बोलतात, त्यातलं जे काही तुटक पोचायचं त्यावर पोरानं सात वर्षं काढली होती.

त्याच सुमारास तालुक्याला शिक्षण खात्याचं वैद्यकीय तपासणीचं शिबिर होतं. अशा शिबिरातून मुलांना साधनं मिळतात असं बाईंनी सांगितलं म्हणून दीर आणि मी पोराला घेऊन गेलो. टेबलामागच्या माणसानं कागद वरून खाली बघितला, पुन्हा खालून वर बघितला आणि म्हणाला, "लिस्टनाग हेसर इल्लरी." यादीत नावच नाही. माणूस उर्मट नव्हता. पोराला बिस्किटाचा पुडा दिला, आम्हाला पाणी दिलं. पण नाव नाही म्हणजे नाही. साधनांची मागणी यादीप्रमाणं आधीच गेली होती.

नाव का नव्हतं, हे गावात परत आल्यावर कळलं. पहिलीत असताना मुख्याध्यापकांनी दिरांना शाळेत बोलावलं होतं. वर्षाची माहिती भरायची होती. कागद कन्नडमध्ये. त्यात एक रकाना होता, 'विशेष अगत्यवुळ्ळ मगु'. दिरांना कन्नड बोलायला येतं, वाचायला बेताचं. गुरुजींनी वाचून दाखवलं तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी मानाचं असेल. आपल्या लग्नपत्रिकेत असतं तसं अगत्य. मग गुरुजींनी उलगडून सांगितलं की कन्नडमध्ये अगत्य म्हणजे गरज. ज्या मुलाला शिकायला काही वेगळी मदत लागते त्याची ही नोंद. पोराच्या बोलण्यात दोष दिसतोय, लिहू का? दीर म्हणाले, "असलं काय लिहू नका गुरुजी. एकदा कागदावर आलं की आलं. पुढं लग्नाला आडवं येईल."

गुरुजींनी पण फार ताणलं नाही. त्या रकान्यात शून्य लिहिलं की त्यांचेही दहा कागद वाचत होते.

आता त्या शून्याचा हिशेब सांगते, म्हणजे फोनवरच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर होईल.

देशातल्या प्रत्येक मान्य शाळेची माहिती दरवर्षी गोळा होते. शिक्षक मंडळी तिला 'यू-डायस' म्हणतात. ३० सप्टेंबरची पटसंख्या हा वर्षानुवर्षं तिचा पाया राहिला. त्यात विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद असते. दृष्टी, श्रवण, चालणं, बुद्धी, शिकण्यातली अडचण असे प्रकार. शाळेचा आकडा केंद्रावर, तिथून तालुक्याला, मग जिल्ह्याला जातो. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन जिल्हे धरतात, ते आपल्याला ठाऊकच आहे. या आकड्यांवरून राज्याची वार्षिक योजना आणि अंदाजपत्रक तयार होतं, ते दिल्लीत मंजुरीला जातं, आणि खर्चातले ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य असे उचलतात. म्हणजे वर पैसा मंजूर होतो तो खाली लिहिलेल्या नावांवर. नाव नाही तर त्या पोरापुरता पैसाच मागितलेला नसतो. मागितलेला नसतो म्हणून 'आलेला नाही' हे शाळेचं म्हणणं अगदी खरं ठरतं! 'फंड येत नाही' या वाक्यात अर्ध्या वेळा एवढंच दडलेलं असतं.

किती पैसा? सर्व शिक्षा अभियान २००१ च्या सुमाराला सुरू झालं तेव्हा दर मुलामागं वर्षाला जास्तीत जास्त १२०० रुपये धरायचे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यानंतर ते ३००० झाले, आणि त्यातले निदान हजार विशेष शिक्षकावर घालायचे अशी अट होती. २०१८ मध्ये प्राथमिक, माध्यमिक सगळं एकत्र करून समग्र शिक्षा योजना आली, तिनं रक्कम ३५०० केली आणि विशेष शिक्षकाचा पगार त्यातून बाहेर काढला. हे चांगलं झालं. २०२१ मध्ये योजना पुढं वाढवली, तेव्हाही दर ३५०० च राहिला. त्याशिवाय अशा मुलींना महिना २०० प्रमाणे दहा महिने विद्यावेतन, आणि तालुक्याच्या ओळख शिबिराला दर शिबिरामागं १०,००० रुपये.

मधल्या काळात यादी मात्र वाढली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले.

आता अर्थशास्त्राच्या बाईला गप्प बसवत नाही म्हणून भागाकार करते. प्राथमिकला वर्षाचे निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. ३५०० भागिले २०० म्हणजे दिवसाला साडेसतरा रुपये. आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तेवढ्यात चहा येतो, सोबत खायला काही येत नाही.

पण हा भागाकार जितका चटकदार आहे तितकाच फसवा आहे, हेही सांगितलं पाहिजे. हे साडेतीन हजार पोराच्या हातात येत नाहीत, शाळेच्या खात्यातही पडत नाहीत. ती सरासरी आहे. जिल्ह्यात जितकी नावं, तितक्या पटीत रक्कम एकत्र धरायची आणि ज्याला जे लागेल ते त्यातून द्यायचं. एखाद्याला चाकाची खुर्ची लागते, एखादीला मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि भिंग पुरतं. कुणाला ब्रेल, कुणाला व्यायामोपचार. कुणाला शाळेपर्यंत सोडायला माणूस लागतो, त्याचा भत्ता, कुणाला रिक्षाचा. भत्ते आणि मुलींचं विद्यावेतन खात्यावर जमा होतं, म्हणून आधार आणि बँकेचं पुस्तक आधी मागतात. तेव्हा शाळेत जाऊन 'माझ्या मुलाचे साडेतीन हजार टाका' म्हणून भांडण्यात अर्थ नाही. आमच्या दिरांनी ते करून बघितलं आहे. विचारायचं ते असं, 'यंदाच्या यादीत त्याचं नाव आहे का, आणि नावापुढं मागणी काय लिहिली?'

लहान शाळेला हा पैसा शाळेतच का देत नाहीत, असं मला पूर्वी वाटायचं. आमच्या गावच्या शाळेत अशी दोन मुलं धरली तर वर्षाला सात हजार. त्यात शिक्षक तर सोडाच, कानाचं बरं मशीनही येत नाही. म्हणून कर्नाटकात तालुक्याच्या संसाधन केंद्रावर विशेष शिक्षक नेमतात आणि ते शाळाशाळा फिरतात. 'बी. आय. ई. आर. टी.' असं त्यांचं लांबलचक नाव आहे, गावात त्यांना 'स्पेशल टीचर' म्हणतात. जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी हे जातात. कल्पना चांगली आहे, पण तालुका केवढा, माणसं किती! सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की अशा मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागं एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे. पुढं मार्च २०२५ मध्ये राज्यांना जागा जाहीर करायला पुन्हा बजावावं लागलं. यावरून काय ते ओळखावं. आमच्या गावात स्पेशल टीचर महिन्या-दीड महिन्यानं यायच्या, आणि त्या यायच्या त्या दिवशी बसचा हमखास घोळ व्हायचा.

खर्चाचीही एक गंमत असते. शाळेला उतरता रस्ता बांधला, तो रॅम्प हो, की त्याचा फोटो निघतो. वर रंगीत पाटी लावता येते. कानाच्या मशीनमधल्या बॅटरीचा फोटो निघत नाही. मशीन एकदा मिळतं, पण त्यातली बटणाएवढी बॅटरी सारखी संपते. कानात बसवायचा साचा पोर वाढेल तसा बदलावा लागतो. सरकारी खर्चाला एकदाचं काम आवडतं, मुलाची गरज रोजची असते. हे मी दरवर्षी वर्गात 'भांडवली आणि महसुली खर्च' या नावाखाली शिकवते. मुलं पाठ करतात आणि विसरतात.

आमच्या राज्यात ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले शेकडा पाच अपंगांसाठी राखायचे असतात. दिरांनी तिथंही विचारलं. 'बॅटरीला कसं देणार, काहीतरी मोठं मागा' असं उत्तर आलं. आता मोठं काय मागायचं?

असो. सप्टेंबर २०१९ च्या माहितीत पुतण्याचं नाव लागलं. दिरांनी स्वतः उभं राहून लिहून घेतलं. त्या वर्षाचं भात विकून एका कानाचं मशीन विकत आणलं. दुसरं यादीतून मिळेल म्हणून थांबलो, तर मार्च २०२० मध्ये शाळाच बंद झाल्या. पुढं शाळा उघडल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ओठ बघून शिकणारं पोर, आणि एकाचेही ओठ दिसेनात. आपण सगळे त्या काळात आपापल्या काळजीत होतो. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्याच्या डोक्यात मात्र रोज येत असणार. यादीतलं मशीन २०२२ मध्ये आलं. पहिलीत लिहून घेतलं असतं तर टाळेबंदीच्या आधीच दोन्ही कान चालू झाले असते, हा हिशेब दीर अजूनही करत बसतात. मी त्यांना करू देते.

स्पेशल टीचर पहिल्यांदा घरी आल्या तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी सुट्टीला गावी होते. बाई कन्नड. मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. आम्ही सगळे ओळीनं बसलो. सासूबाई, दीर, मी. जाऊ चहा ठेवायला म्हणून दारात उभी. बाईंनी मशीन हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "इवन जोडी जास्ती यार माताडताररी?" याच्याशी जास्त कोण बोलतं?

कुणी काही बोलेना. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. शेवटी जाऊच कन्नडमधून म्हणाली की मी बोलत होते, पण माझं कन्नड बंद केलंय, त्याला मराठी शाळेत घालायचं होतं म्हणून. बाईंना प्रथम कळेचना. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, आता मशीन लागलंय, आता त्याला भरपूर बोलणं ऐकायला मिळालं पाहिजे. आणि भरपूर बोलणं माणसाला आपल्याच भाषेत जमतं. तोंड त्याच्याकडं करा, उजेडात बसा, भाजी निवडताना भाजीचं बोला, दूध काढताना दुधाचं. कन्नडमध्येच बोला. मराठी शाळेतनं येईल, वडलांकडनं येईल. एक भाषा धड आली की दुसरी तिच्या मागनं येते.

जाऊ उठून आत गेली. मला वाटलं कपबश्या आणायला गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही, आणि चहा शेवटी मीच ओतला.

स्पेशल टीचरांचे घरचे धडे कन्नडमध्ये असल्यानं ते समजून घेणारी घरात ती एकटीच. आम्ही सगळे शिकलेसवरलेले तिला विचारायला लागलो, 'आता पुढचं काय सांगितलंय?' ज्या भाषेवर आम्ही बंदी घातली होती त्याच भाषेतनं सरकारी मदत आमच्या घरात शिरली. पोरगं आता हायस्कूलला जातं. बोलणं थोडं जड आहे, पण दोन्ही भाषांत बोलतं. आणि आईकडनं पैसे काढायचे असतील तर कन्नडमध्येच बोलतं.

या यादीत सगळ्यात कमी कोण येतं, ठाऊक आहे? ज्यांचं काही दिसत नाही ती मुलं. कान, डोळा निदान तपासता येतो. वाचनात अडकणारं मूल आळशी ठरतं. आपल्या भागात तर मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या एकदम पेलायच्या असतात, त्यामुळं 'होईल की हळूहळू' म्हणायला चांगलं निमित्त मिळतं. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये वाचनदोष ओळखायची 'डाली' नावाची चाचणी काढली. ती सुरुवातीलाच हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा चार भाषांत आली. म्हणजे देशात सोय झाली ती पहिल्यांदा आपल्याच दोन्ही भाषांत, आणि आपल्याकडं किती शिक्षकांना तिचं नाव माहीत आहे? मी आमच्या बी. एड.च्या मैत्रिणीला विचारलं, तिनं मलाच स्पेलिंग विचारलं. केंद्राच्या नियमांप्रमाणं या दोषाचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं. म्हणून तिसरी-चौथीत मूल वाचत नसेल तर पुढं ढकलू नका.

प्रमाणपत्राविषयी सीमेवरच्या घरांची एक शंका नेहमी येते. माहेर चंदगडला, सासर इकडं, पोराचा दाखला तिकडचा चालतो का? चालतो. २०१६ च्या कायद्याप्रमाणं अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, आणि यू. डी. आय. डी. कार्डही देशभराचंच आहे. यादीत नाव मात्र शाळा जिथं आहे तिथंच लागतं.

आता पुन्हा फोनवरच्या बाई. मी त्यांना परत फोन केला आणि विचारायचं राहिलेलं विचारलं. शाळा कुठली? म्हणाल्या, इंग्लिश मीडियम, खाजगी. पहिलीपर्यंत मुलगी गावातल्या सरकारी शाळेत होती, मग सगळ्यांनी सांगितलं म्हणून काढून इकडं घातली. माझ्या तोंडून 'अरे देवा' निघून गेलं. कारण हा ३५०० चा हिशेब सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांचा आहे. विनाअनुदानित शाळेला तो पैसा खरंच येत नाही. शाळेचं 'फंड येत नाही' हे खरं. 'दुसरीकडं बघा' हे मात्र बरोबर नाही. २०१६ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमात सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि सरकारची नुसती मान्यता असलेल्या, दोन्ही प्रकारच्या शाळा येतात, आणि भेदभाव न करता प्रवेश हे त्यातलं पहिलंच काम आहे. भिंगाला पैसे नसतील, पण पहिल्या बाकावर बसवायला आणि फळ्यावर मोठं लिहायला फंड लागत नाही.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे चांगलं म्हणून आम्ही फी भरून तिला बाहेर काढली, आणि मदत मागंच राहिली."

पुन्हा सरकारी शाळेत घालायची का, हे त्यांच्या घरी अजून ठरलेलं नाही. नवरा नको म्हणतोय, लोक हसतील म्हणतोय. सासू म्हणते, चष्मा लावला की होईल. तो चष्मा लावून झालाय. शाळेचं काय ठरायचं ते ठरू दे, आधी यू. डी. आय. डी. तरी करून घेऊ, तेवढं त्यांना पटलं आहे. पण मोठ्या दवाखान्यात कुठल्या खिडकीला जायचं, कागदावर काय लिहायचं, डॉक्टर कन्नडमध्ये काय विचारतील, याची त्यांना धास्ती. घरात कन्नड बोलतात, पण कागदावरचं कन्नड वेगळं.

मी जावेला सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी जाऊया की. आधार, चार फोटो, रेशनकार्ड घ्यायला सांगा. आणि मुलीला सकाळी काहीतरी खायला घालून आणा म्हणावं, तिथं दुपार होते." मग थोडं थांबून, "तिच्या नवऱ्याला पण आणू दे. तो रकाना त्याच्यासमोर वाचते मी."